चेंबरमध्ये राहिलेलं जिवंत काडतूस: .22 रायफल स्पर्धेत ते सुरक्षित बाहेर कसं काढतात?

तळेगाव दाभाडे : मावळातल्या लोकांना बंदूक, रायफल हे शब्द नवे नाहीत. तळेगावात सीआरपीएफचं केंद्र आहे, देहूरोडला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, आणि शाळा-कॉलेजात एनसीसी केलेली पोरं गावोगावी सापडतात. त्यात 1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझपदक मिळवलं. तेव्हापासून खेड्यातले आई-बापही विचारायला लागलेत, की आपल्या पोराला नेमबाजीला घालायचं का? मावळातून बालेवाडीचं क्रीडासंकुल काही लांब नाही. 2008 च्या कॉमनवेल्थ युवा स्पर्धेची नेमबाजी तिथेच झाली होती.

पण पोराला रेंजवर पाठवायच्या आधी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे. नेम चुकला तर गुण जातात. चेंबरमध्ये जिवंत काडतूस राहिलं आणि ते लक्षात आलं नाही, तर माणूस जातो. ते काडतूस ओळखायचं कसं, बाहेर काढायचं कसं आणि कोणाला विचारून, याची ही माहिती.

आधी काडतूस समजून घ्या

स्वप्नीलच्या प्रकारात वापरतात ती .22 ची रायफल. नळीचा व्यास 5.6 मिलिमीटर. काडतूस करंगळीच्या साधारण एका पेराएवढं. त्याचे चार भाग असतात: पितळेची पुंगळी, आत दारू, पुढे शिशाची गोळी आणि मागे पुंगळीची कड.

खरी गोम या कडेतच आहे. मोठ्या रायफलच्या काडतुसाच्या बुडाला मधोमध एक टोपी असते, तिच्यावर पिन आदळली की बार उडतो. .22 ला अशी टोपी नसते. पुंगळीची मागची कड आतून पोकळ असते आणि पेट घेणारा मसाला त्या पोकळीत भरलेला असतो. फायरिंग पिन कडेवर आदळते, कड चेपते, मसाला पेटतो, त्याने दारू पेटते आणि गोळी सुटते. म्हणून याला रिमफायर म्हणतात. रिम म्हणजे कड.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, कडेवर कुठेही जोराचा दाब किंवा ठोका बसला तर काडतूस उडू शकतं. त्यामुळे अडकलेलं काडतूस चाकू, स्क्रू ड्रायव्हर किंवा पकडीने उचकटायचं नाही. दुसरी, मसाला कडेच्या पोकळीत सगळीकडे सारखा पसरलेला नसला, तर पिन नेमकी कोऱ्या जागी पडते आणि बार उडत नाही. म्हणून चांगल्या कंपनीचं काडतूसही कधीतरी दगा देतं.

गोळीचं वजन फक्त 2.6 ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणून कोणी तिला हलकं समजू नये. काडतुसाच्या डबीवर एक ते दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो. दीड मैल म्हणजे जवळपास अडीच किलोमीटर. रेंजच्या टोकाला मातीचा बांध आणि भिंत असते ती यासाठीच.

रेंजवरचे चार शब्द

स्पर्धेत रेंज ऑफिसर इंग्रजीत हुकूम देतात. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात हेच शब्द आहेत, त्यामुळे कोल्हापूरला गेलात काय नि जर्मनीला गेलात काय, शब्द बदलत नाहीत.

• लोड : आता काडतूस भरता येईल. याआधी काडतूस रायफलीला लावायचंही नाही.
• स्टार्ट : आता गोळी झाडता येईल.
• स्टॉप : लगेच थांबायचं. बोट चापावर असेल तर काढायचं.
• अनलोड : रायफल आणि मॅगझिन दोन्ही रिकामं करायचं.

काडतूस किंवा काडतुसं असलेलं मॅगझिन रायफलीला लागलं, की ती भरलेली समजतात. बोल्ट उघडा असला तरी. "अजून बोल्ट लावलाच नव्हता" हे कारण तिथे चालत नाही.

पाचवी गोष्ट शब्द नाही, पण त्याहून महत्त्वाची आहे. तो म्हणजे नारिंगी सेफ्टी फ्लॅग. भडक रंगाची ही प्लास्टिकची पट्टी बोल्ट उघडून चेंबरमध्ये घालतात. आत काडतूस असेल तर ती बसतच नाही. म्हणजे लांबून बघणाऱ्यालाही कळतं, की ही रायफल रिकामी आहे. पेटीतून रायफल निघाली की फ्लॅग आत असला पाहिजे. तयारीची वेळ सुरू झाल्यावर परवानगीने तो काढायचा आणि काम संपलं की परत घालायचा.

स्टॉप म्हटलं आणि काडतूस आत आहे, तर?

हा प्रसंग सगळ्यात जास्त वेळा येतो. नेमबाजाने काडतूस भरलंय, बोल्ट लावलाय, श्वास रोखलाय आणि तेवढ्यात वेळ संपते किंवा कोणीतरी पुढे गेल्यामुळे ऑफिसर स्टॉप देतात. अशा वेळी क्रम असा :

1. बोट चापावरून काढून बाजूला सरळ ठेवायचं.
2. नळीचं तोंड टार्गेटच्याच दिशेला राहू द्यायचं. मान वळली तरी चालेल, रायफल वळता कामा नये.
3. मॅगझिन असेल तर आधी मॅगझिन काढायचं.
4. मग बोल्ट हळू आणि पूर्ण मागे ओढायचा. एक्स्ट्रॅक्टर नावाची बारीक नखी कडेला धरून काडतूस बाहेर आणते.
5. काडतूस गोळीसकट, अखंड आलंय का ते हातात घेऊन बघायचं.
6. चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं. उजेड कमी असेल तर करंगळीचं टोक लावून चाचपायचं.
7. सेफ्टी फ्लॅग घालायचा.
8. रायफल खाली ठेवून हात बाजूला घ्यायचे. रेंज ऑफिसरने तपासल्याशिवाय रायफल जागेवरून उचलायची नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीची अदलाबदल ही नवख्यांची नेहमीची चूक. आधी बोल्ट ओढला, काडतूस पडलं, बोल्ट पुढे ढकलला आणि मग मॅगझिन काढलं, तर मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसलेलं असतं. मॅगझिन हातात आहे म्हणून पोरगं समजतं रायफल रिकामी झाली, आणि आत जिवंत काडतूस तयार. 50 मीटरच्या मोठ्या स्पर्धेत एकेक काडतूस हाताने भरायची रायफल असते, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही. मॅगझिनच्या रायफलीवर सराव करणाऱ्यांनी मात्र हा क्रम पाठच करावा.

स्टॉप झाल्यावर "आत आहेच तर झाडून टाकू" असं मनाने करायचं नाही. ती गोळी गुणांत धरत नाहीत. त्यात सुरक्षेचा प्रश्न आला तर नेमबाजाला स्पर्धेतून बाद करता येतं.

काडतूस निघतच नाही

स्पर्धेच्या रायफलीचं चेंबर फार घट्ट असतं, कारण नेम त्याने सुधारतो. काडतूस पूर्ण बसलं की शिशाच्या गोळीचं टोक नळीतल्या पिळात रुततं. झाडल्यावर अडचण नसते, गोळी निघून जाते आणि रिकामी पुंगळी सहज बाहेर येते. न झाडता काढायला गेलं की तीन गोष्टी होऊ शकतात.

पहिली, काडतूस अखंड निघतं, गोळीवर फक्त पिळाचे ओरखडे दिसतात. दुसरी, नखी कडेवरून निसटते आणि काडतूस आतच राहतं. तिसरी, पुंगळी बाहेर येते, गोळी नळीतच अडकते आणि दारू सगळी बोल्टच्या खाचेत सांडते.

दुसऱ्या प्रकारात काय करायचं? एकदा-दोनदा बोल्ट सावकाश लावून परत ओढून बघायचा. तोंड टार्गेटकडे, बोट चापापासून लांब. तरी नाही निघालं तर हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरला सांगायचं, "काडतूस आत आहे, निघत नाही." पुढचा निर्णय त्यांचा. पुढे कोणी नाही, लेन मोकळी आहे हे बघून ते ती गोळी टार्गेटमागच्या बांधात झाडून टाकायला परवानगी देऊ शकतात. झाडून रिकामी करणं हा पुष्कळदा सगळ्यात सुरक्षित मार्ग असतो, पण तो ऑफिसरच्या तोंडी परवानगीनेच. तसं करता येत नसेल तर बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे ती जागेवरच सोपवतात.

नळीच्या तोंडातून सळई घालून जिवंत काडतूस मागे ढकलायचं नाही. सळई घालताना हात नळीच्या तोंडासमोर येतो, आणि ठोक्याने कड मागच्या लोखंडावर आपटली तर बार हातातच होतो. मळणी यंत्रात कणसं अडकली, की शहाणा शेतकरी आधी ट्रॅक्टर बंद करतो आणि मगच हात घालतो. इथे तर बंद करायला इंजिनही नसतं. काडतूस आत आहे तोवर यंत्र चालूच आहे असं धरायचं.

तिसऱ्या प्रकारात जिवंत काडतूस राहिलेलं नसतं, पण नळीत गोळीचं बूच बसलेलं असतं. त्यावर दुसरं काडतूस भरायला जाऊ नये. सांडलेली दारू झटकून, नळी मोकळी करून, आरपार उजेड दिसल्यावरच पुढचं काम.

चाप दाबला, नुसता टक् आवाज आला

पिन पडली पण बार उडाला नाही. याला मिसफायर म्हणतात. इथे घाईने बोल्ट उघडणं धोक्याचं. कधीकधी मसाला धुमसत राहतो आणि बार थोडा उशिराने होतो. नेमका त्याच वेळी बोल्ट उघडला तर पुंगळीला धरून ठेवणारं काही राहत नाही. ती फुटते आणि पितळेचे तुकडे व गरम वायू तोंडावर येतात. डोळा जायला तेवढं पुरेसं आहे.

म्हणून टक् आवाज आला की रायफल आहे तशीच खांद्यावर, तोंड टार्गेटकडे ठेवून निदान 30 सेकंद थांबायचं. मनात सावकाश आकडे मोजावेत. मग तोंड बोल्टच्या रेषेतून बाजूला घेऊन बोल्ट उघडायचा. स्पर्धेत घड्याळ चालू असतं, त्यामुळे 30 सेकंद फार वाटतात. पण डोळा परत मिळत नाही.

बाहेर आलेलं काडतूस बघायचं. कडेवर पिनची खूण खोल असेल तर दोष बहुधा काडतुसात. खूण पुसट असेल तर पिन झिजलीय, स्प्रिंग ढिली झालीय किंवा चेंबर घाण असल्याने काडतूस पूर्ण बसलं नव्हतं. ते काडतूस फिरवून परत भरायची सवय काहींना असते. सराव असो की स्पर्धा, एकदा दगा दिलेलं काडतूस बाजूला ठेवणंच बरं.

बिघाड झाला की रेंज ऑफिसरला सांगायचं. नियमात रायफल दुरुस्त करायची किंवा बदलायची सोय आहे, पण न सांगता केलेल्या उद्योगाला कोणी जबाबदार राहत नाही.

आवाज फुसका आला

नेहमीचा ठण्ण आवाज न येता फुस्स झालं, धक्का जाणवला नाही, टार्गेटवर भोकही नाही. म्हणजे दारू नीट पेटली नाही आणि गोळी नळीत मध्येच अडकलेली असू शकते. इथे एकच नियम : पुढची गोळी झाडायची नाही. मागून दुसरी गोळी आली तर नळी फुगते किंवा चिरते. थांबा, हात वर करा, 30 सेकंदांनंतर बोल्ट उघडा, पुंगळी काढा आणि ऑफिसरसमोर नळी तपासून घ्या.

चाप किती हलका असतो

या प्रकारच्या रायफलीला चाप किती जड असावा याची खालची मर्यादा नियमात नाही. अनेक नेमबाज तो 100 ग्रॅमच्याही खाली ठेवतात. म्हणजे बोट टेकलं की गोळी सुटते.

बीजिंग ऑलिंपिकमध्ये 2008 साली अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स याच 50 मीटर थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत शेवटच्या गोळीआधी 3.3 गुणांनी पुढे होता. सुवर्णपदक हातात आल्यासारखं होतं. रायफल टार्गेटवर आणत असतानाच बोट चापाला लागलं, गोळी सुटली आणि 4.4 गुण मिळाले. तो चौथा आला. जगातल्या सर्वोत्तम नेमबाजांपैकी एकाचं बोट असं लागू शकतं, तर गडबडीत काडतूस काढणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराचं का लागणार नाही? एमन्सच्या रायफलीचं तोंड टार्गेटकडे होतं, म्हणून गेलं ते पदकच. तोंड टार्गेटकडे ठेवण्याचा नियम का, हे यातून कळतं.

पोझिशन बदलताना जपा

थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तीन तऱ्हांनी प्रत्येकी 20 गोळ्या झाडतात. प्रत्येक बदलाच्या वेळी नेमबाज उठतो, चटई हलवतो, रायफलीचे भाग कमी-जास्त करतो. काडतूस विसरायची भीती इथे जास्त. म्हणून पोझिशनची शेवटची गोळी झाली की बोल्ट उघडा, चेंबर बघा आणि मगच जागा सोडा.

बाहेर आलेल्या काडतुसाचं काय?

न उडालेलं काडतूस रेंजवर त्यासाठी ठेवलेल्या डब्यात टाकतात किंवा ऑफिसरकडे देतात. खिशात ठेवायचं नाही, कचऱ्यात फेकायचं नाही, घरी लहान भावाला दाखवायला आणायचं नाही. पिन पडलेलं काडतूसही जिवंतच असतं.

त्याला कायद्याचीही बाजू आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय जिवंत काडतूस जवळ ठेवणं हा गुन्हा आहे, मग ते एकच का असेना. विमानतळावर बॅगेत एखादं विसरलेलं काडतूस सापडून माणूस पोलीस ठाण्यात पोचल्याच्या बातम्या येतच असतात. रेंजवरून निघताना किटबॅगेचे सगळे कप्पे आणि जॅकेटचे खिसे उलटे करून बघावेत.

नेमबाजीशी संबंध नसलेल्यांसाठीही एक सूचना. शेतात, ओढ्यात, भंगारात काडतूस किंवा गोळ्यासारखं काही दिसलं तर हात लावू नका, ठोकू नका, चुलीत टाकू नका. जागा लक्षात ठेवून 112 वर फोन करा.

पालकांनी काय बघावं

पोराला क्लबमध्ये घालायच्या आधी एकदा स्वतः रेंजवर जाऊन अर्धा तास मागे बसा. पदकांचे फोटो भिंतीवर किती आहेत त्याआधी हे बघा :

• ठेवलेल्या प्रत्येक रायफलीत नारिंगी फ्लॅग दिसतो का?
• कोणी टार्गेटकडे जाताना बाकीचे रायफलीला हात लावतात का? लावत असतील तर ते ठिकाण बरोबर नाही.
• स्टॉप म्हटल्यावर सगळे एकदम थांबतात का?
• नवीन मुलांजवळ प्रशिक्षक उभा असतो का?
• डोळ्याला चष्मा आणि कानाला संरक्षण वापरतात का?
• काडतूस अडकलं की मूल हात वर करतं, की लपवून स्वतःच खटपट करतं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. हात वर केल्यावर ओरडा खावा लागत असेल तर पोरं हात वर करणार नाहीत. चांगला प्रशिक्षक अशा मुलाला शाबासकी देतो.

महाराष्ट्राला या खेळाची जुनी परंपरा आहे. देशातली नॅशनल रायफल असोसिएशन 1951 मध्ये स्थापन झाली ती लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर यांच्या पुढाकाराने, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नेमबाजांसाठी राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे. अंजली भागवत एनसीसीतून या खेळात आल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. स्वप्नीलला घडवणाऱ्या दीपाली देशपांडे स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या. या सगळ्यांनी पहिल्या दिवशी शिकलेला धडा नेम धरण्याचा नव्हे, रायफल रिकामी आहे का ते बघण्याचा असतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

• प्रत्येक रायफल भरलेलीच आहे असं समजा.
• तोंड कायम टार्गेटकडे, बोट चापाबाहेर.
• आधी मॅगझिन, मग बोल्ट, मग डोळ्याने चेंबर, मग फ्लॅग.
• टक् आवाज आला तर 30 सेकंद थांबा.
• फुस्स आवाज आला तर पुढची गोळी नाही.
• काडतूस निघत नसेल तर हात वर करा. सळई नाही, चाकू नाही.
• काढलेलं काडतूस डब्यात, खिशात नाही.
• रेंजवरून घरी आल्यावर जेवणाआधी साबणाने हात धुवा, शिसं पोटात जाऊ देऊ नका.